टफ म्हणजे पऱ्हाटी

केंद्रप्रमुख शालिग्राम सर पाठ तपासायला वही उघडून छाया मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. मोताळ्याजवळच्या या शाळेत तिनं गाइड गुंडाळून ठेवलं होतं आणि पोरांना वस्तू दाखवून इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. आजचा पाठ फसला, तर उद्यापासून पुन्हा घोकंपट्टी! सरांनी तसं बजावलंच होतं.

फळ्यावर आजचा शब्द होता, टफ.

"गाइडात लिव्हलंय, टफ म्हंजे कठीण," झेबा म्हणाली. "मंग दगडबी टफ का, मॅडम?"

"दगड आपटला की फुटते. टफ ते, जे वाकते, पिळते, पण तुटत नाई." मॅडमनी कपाशीची फांदी कचकचून पिळली. फांदीच्या दशा दशा झाल्या, पण ती तुटली नाही. पोरं खूश.

सरांना मात्र चेव आला. "फांदीचं काय घेऊन बसल्या मॅडम? मी शेतकऱ्याचा पोरगा हाय. अख्खं झाड उपटून दाखवतो!"

आता साहेबाला नाही कोण म्हणणार?

शाळेमागच्या वावरात कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. सरांनी बाह्या सरसावून एक झाड ओढलं. झाड ढिम्म. "पोट्टेहो, मले धरा!" झेबानं सरांची कंबर धरली, झेबाला बाकीच्या पाचवीनं. ओढा! खोडाची साल सोलून सरांच्या हातात आली, सर धपकन खाली आणि त्यांच्यावर अख्खी पाचवी. गेला माझा उपक्रम, छायाला रडूच आलं.

"काऊन लोळून राह्यले बाप्पा माह्या वावरात?" मालकीण सोजराबाई. सत्तरी उलटलेली, नुसती हाडं. सगळं ऐकून घेतल्यावर "एवढंच व्हय?" म्हणत तिनं पदर खोचला, खोड मुठीत धरलं आणि एकच हिसडा. झाड मुळासकट बाहेर! मग दुसरं. तिसरं. सुनेची तक्रार सांगता सांगता बाईनं अर्धी ओळ आडवी केली, तरी धाप नाही. पोरांनी आ वासला. छायाच्या अंगावर सरसरून काटा आला. अरे बापरे, काय ही बाई!

"आजी इज टफ," झेबा हळूच म्हणाली. हे वाक्य कुठल्याच गाइडात नव्हतं.

सरांना उठता येईना. सोजराबाईनं त्यांचंही मनगट धरलं. "नको, नको" म्हणेपर्यंत सर उभे होते. धूळ झटकून त्यांनी मुकाट्यानं वहीत लिहिलं, 'उपक्रम चालू ठेवावा.'

"अन् मॅडम, शिकवाले या आजीले बोलवत जा."

"मले कुठं येते बाप्पा इंग्रजी?"

"आम्हाले तरी कुठं येत होती," सर कंबर धरून म्हणाले, "तुम्ही येईपर्यंत?"