चित्र वाळेपर्यंत

शनिवार, १३ डिसेंबर. सकाळी आठ वाजता मी टेबलांवर नव्या शाईचे डबे मांडत होते आणि सातपुते काका स्टुलावर उभे राहून कपड्यांचे चिमटे तपासत होते. प्रत्येक चिमटा ते आधी स्वतःच्या कानाच्या पाळीला लावतात. दुखलं, तर तो कागदावर वळ उठवणार म्हणून बाद. काही जाणवलंच नाही, तर चित्र पाडणार म्हणून तोही बाद. पास झालेले चिमटे तेवढे दोरीला. दोरी भरेपर्यंत कान लालबुंद होतो.

यंदा दोरीची गरजच नव्हती. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि आठवडाभर मी ते टाळलं होतं.

कर्वेनगरातल्या आमच्या छापचित्रांच्या स्टुडिओत दर डिसेंबरात तीन दिवसांचा महोत्सव असतो. कोणीही यावं, लाकडाच्या तुकड्यावर चित्र कोरावं, शाई लावावी आणि यंत्रातून कागदावर छाप काढावा. मी चित्रकार नाही. नावनोंदणी, कागद-शाईची खरेदी, चहा आणि स्टुडिओची किल्ली, एवढं माझ्याकडे. काकाही चित्रकार नाहीत. मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झाले, सहा वर्षांपूर्वी कार्यशाळेला म्हणून आले, कोरलं काहीच नाही, पण दुसऱ्यांची ओली चित्रं दोरीवर टांगून राखायला लागले. ते काम दुसऱ्या कोणाला नकोच होतं.

तेलातली शाई वाळायला चार दिवस घेते. लोकांना तेवढा धीर नसतो. एकदा आयटीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, हेअर ड्रायर मारला तर?"

"मारा ना. पेरूच्या झाडालाही मारून बघा, फळ लवकर पिकतं का."

"ओलं आहे" हे त्यांचं जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दलचं मत. स्टुडिओच्या समितीपुढे नवा ठराव आला की, "ओला आहे, वाळू दे." माझ्या भाच्याचं लग्न ठरलं म्हणून पेढा दिला, तर तो नीट चावून खाल्ला आणि म्हणाले, "मुलगा ओला वाटतो अजून."

वाळलेलं चित्र न्यायला निम्मे लोक परत फिरकत नाहीत. मग जानेवारीभर काका स्कूटरवरून घरोघर ती पोचवतात. वय एकाहत्तर. गेल्या खेपेला त्या फेऱ्यांत खोकला धरला, तो होळीपर्यंत सुटला नाही. तेव्हाच मी ठरवलं, हे बंद करायचं. यंदा पाण्यात मिसळणारी शाई मागवली. वीस मिनिटांत वाळते. माणूस जाताना चित्र घेऊनच जाणार.

शेवटी सांगितलं. "काका, यंदा दोरी लागणार नाही. चित्रं लगेच वाळतील."

ते स्टुलावरून उतरले नाहीत. "लगेच म्हणजे?"

"वीस मिनिटं."

"मग पोचवायची?"

"काही पोचवायचं नाही. सुटलात तुम्ही."

"बरं," म्हणाले. एकही टोमणा नाही. तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं, पण दहाच्या आत कागद कापून व्हायचे होते.

दिवसभर ते दोरीखाली खुर्ची टाकून बसले. वर रिकामे चिमटे. लोक छाप काढत होते, जरा वारा घालत होते आणि चित्र पिशवीत घालून निघून जात होते. काकांकडे कोणाला काही कामच नव्हतं. जेवायलाही उठले नाहीत.

चारच्या सुमारास बिबवेवाडीहून एक बाई आल्या. गेल्या वर्षी त्यांनी इथे चित्र केलं होतं. काका तेवढ्यात बाहेर नळावर गेले होते.

"ते खिळेवाले काका आहेत ना अजून?" त्यांनी मला विचारलं.

"कोण खिळेवाले?"

"अहो, चित्र द्यायला आले होते ते. म्हणाले, भिंतीवर सरळ लागल्याशिवाय चित्र सोडायचं नाही, स्टुडिओचा नियम आहे. हातोडी त्यांची, खिळा त्यांचा. मग चहा झाला, सासऱ्यांशी गप्पा झाल्या. सासूबाई गेल्यापासून सासरे कोणाशी बोलत नाहीत हो. काका तीन तास बसले. पुढच्या आठवड्यात चित्र तिरकं झालंय का ते बघायला परत आले."

असा नियम आमच्याकडे नाही. आमचे सगळे नियम मीच लिहिते.

बाई टेबलाकडे गेल्या आणि काका हात पुसत परत आले. मी विचारलं, "किती घरांत खिळे ठोकलेत?"

ते दोरीकडे बघत राहिले. "एकतीस वर्षं दारोदार फिरलो. मीटर असतो जिन्याखाली. आकडा लिहायचा, पुढच्या इमारतीत जायचं. आत या म्हणायचं कोणाला कारणच नव्हतं." मग म्हणाले, "हातात चित्र असलं की आत घेतात."

मग त्यांनीच विचारलं, "दोरी सोडू का आता?"

"राहू दे. उद्या बघू."

मी त्यांचा त्रास वाचवला असं समजत होते. कसबा पेठेत त्यांची एक खोली आहे, ते तिथे एकटे राहतात, एवढं मला माहीत होतं. सहा वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. आमच्यापैकी कोणीच गेलं नव्हतं.

रविवारी सकाळी सात वाजता गेले. गल्लीत दोनदा विचारावं लागलं. काकांनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले.

"काय झालं? स्टुडिओत काही बिघडलं का?"

"नाही. आज तीन टेबलांवर तेलातली शाई लावतेय. ओल्या चित्रांकडे कोणीतरी बघायला हवं."

"समितीला विचारलंत?"

"नाही विचारलं."

"जानेवारीत परत खोकला होईल मला."

"स्वेटर घाला."

ते दारातून बाजूला झाले. "चहा टाकतो. खुर्ची एकच आहे, पण या."

किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि दहाला स्टुडिओ उघडायचा होता. मी चपला काढल्या आणि आत गेले.