मंदाताईंचं शेवटचं मागणं

मंदाताई प्रत्येक वस्तूवर नाव कोरतात. भांड्यांवर सगळेच नाव घालतात. यांच्या बादलीवर, पोळपाटावर, झाडूच्या दांड्यावरसुद्धा ‘मंदा’ आहे. कोरायचं मशीन त्यांनी बुधवार पेठेतून स्वतः आणलं. धायरीत आमच्या शेजारी भाड्याने राहायला आल्या आल्या माझी छत्री मागून नेली आणि माझं नाव घालूनच परत दिली. वर ऐकवलं, “नुसतं ‘माझंच आहे’ म्हणून भागत नाही. कोर्टात सांगून बघा.”

मी बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटते, त्यामुळे त्यांच्या घटस्फोटाच्या तारखांना मीच सोबत जायचे. त्यांच्या संसाराची रीत अशी, की नवऱ्याच्या पगारातून खराडीच्या फ्लॅटचे हप्ते आणि यांच्या पगारातून किराणा, वीज, औषधपाणी. हप्त्यांचा फ्लॅट झाला. किराणा खाऊन संपला. आपल्याकडे संसारात उभं राहिलेलं निम्मं-निम्मं होत नाही. कागदावर ज्याचं नाव, त्याचं घर. बायकोला पोटगी, तिचे दागिने आणि माहेरची भांडी. हे मी लाल शाईत छापते आणि लोक त्यात भजी बांधून नेतात.

मंदाताई चिडत नाहीत, याचा मला जास्त राग. वकील म्हणाले, फ्लॅट विसरा. तर या म्हणतात, “किराणा जरा टिकाऊ आणायला हवा होता.” लग्नानंतर घेतलेल्या भांड्यांवर त्यांनीच हौसेने नवऱ्याचं नाव घातलेलं. त्याच्या वकिलाने कोर्टात पातेल्याचा फोटो दाखवला. ती भांडीही गेली.

शेवटच्या तारखेला सगळं ठरलं. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, आणखी काही मागणं आहे का. मी कोपराने ढोसलं, निदान फ्रिज तरी मागा. मंदाताई उभ्या राहिल्या.

“सासूबाई,” त्या म्हणाल्या. “त्यांना मी नेऊ का? त्या नाही म्हणायच्या नाहीत.”

नवऱ्याचा वकील हसला. नवराही हसला आणि मग खाली बघत बसला. मॅडम हसल्या नाहीत. माणसं वाटणीत येत नाहीत, बाई, एवढंच म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मंदाताईंनी जिन्यात नवऱ्याला गाठलं. मला वाटलं, आता तरी भांडतील.

“अहो,” त्या म्हणाल्या, “आईंना भात मऊ लागतो, पाणी जास्त घाला. आणि जेवायला लांबून हाका मारू नका. त्यांना ऐकू येत नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावा.”