गजाकाकांचा बर्फ

माझ्या लग्नात गजाकाकांनी आहेर म्हणून बर्फाची लादी दिली. भुशात घोळवलेली, गोणपाटात गुंडाळलेली, अख्खी. बायकोच्या माहेरची माणसं अजून विचारतात, तुमच्याकडे तशी पद्धत आहे का? पद्धत कसली डोंबलाची. काका मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचे व्यापारी, आणि त्यांचा देव एकच. "बर्फ कमी पडला की नासलंच," हे त्यांचं वाक्य सुरमईला, सुनेला, सरकारला, सगळ्यांना लागू.

मी त्यांचा शेजारी. एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढतो. काकांना रक्ताचा कॅन्सर निघाला, तोही रेंगाळणारा, वर्षानुवर्षं सोबत राहणारा. काका म्हणाले, "माझ्यासारखाच चिवट आहे मेला. राहू दे." पण पुढे बर्फ फोडताना त्यांची बोटं जांभळी पडायला लागली. डॉक्टरांना संशय आला, या आजारामुळे रक्तात भलतंच प्रोटीन तयार होतंय, खोबरेल थंडीत थिजतं तसं थिजणारं. तपास लागेपर्यंत बर्फाला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. जन्मभर बर्फात हात घातलेला माणूस हा. दैवाला चेष्टेची हौस फार.

तपासणी मुंबईला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, रक्त कोमट पाण्याच्या थर्मासात पाठवा. मी चिठ्ठी वाचली नाही. पंधरा वर्षं मुंबईला रक्त आम्ही थंडच पाठवतो, त्यात वाचायचं काय? कुरिअरची वेळ झालेली, आमच्या थंड पिशव्या संपलेल्या. मी काकांकडेच बर्फ मागितला. त्यांनी हातमोजे चढवून बारीक फोडून दिला.

"डॉक्टर गरम म्हणत होता रे."

"काका, तुम्ही मासळी बघा. रक्ताचं आम्हाला कळतं."

ते प्रोटीन वाटेतच थिजून नळीच्या तळाशी बसलं आणि तिथे तपासणीआधीच रक्ताच्या गुठळीबरोबर फेकलं गेलं. रिपोर्ट स्वच्छ आला. काकांनी अख्ख्या आळीत पापलेटं वाटली, हातमोजे भिरकावले आणि पुन्हा बर्फात हात घातले.

दोन महिन्यांत उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली. कापावी लागली.

डॉक्टरांनी मुंबईला फोन केला, तेव्हा कळलं, नळी बर्फात आली होती. "कोणी घातली बर्फात?" ते कडाडले. मी तिथेच उभा होतो.

"मीच," काका म्हणाले. "ह्याने थर्मासात ठेवलेली. ह्याची पाठ वळल्यावर मी बर्फात घातली. जन्माची सवय, साहेब."

डॉक्टरांनी त्यांना अडाणी म्हटलं. काकांनी मान डोलावली.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुझं पोर लहान आहे. माझी बोटं काय, गेली ती गेली." मग चालता चालता, "चिठ्ठी वाचत जा रे."

आता काका लोकरीचे मोजे घालून जेटीवर बर्फापासून लांब खुर्चीत बसतात. गिऱ्हाइकं एकमेकांना दाखवतात, तो बघ, स्वतःचं रक्त बर्फात घालणारा म्हातारा. सगळे हसतात. मीही हसतो.