सत्तावीस घरांचे डबे

चौतीस वर्षं मी घरोघरी जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे उतरवले. एकही आकडा चुकला नाही! विचारा कार्यालयात. कुत्रा अंगावर आला तरी मी आधी आकडा लिहायचो आणि मग पळायचो. अशा माणसाला सत्तावीस घरी सत्तावीस डबे पोचवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ! निदान मला तसं वाटलं होतं.

डब्यांचं असं झालं. फेब्रुवारीत माझी बायको गेली. त्या आठवड्यात चर्चमधल्या सत्तावीस घरांतून जेवण आलं. कुणी भात, कुणी सूप, कुणी मटण. मी एकटा माणूस आणि दारात डब्यांची रांग! जेवण आल्यागेल्यांनी संपवलं. डबे राहिले. टेबलावर, फ्रिजवर, तिच्या शिलाई मशीनवर, सगळीकडे दुसऱ्यांची भांडी. परत द्यायला जावं तर दारात कोणीतरी विचारणार, "कसे आहात?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून गेलो नाही. दहा महिने गेलो नाही.

डिसेंबर उजाडला. नाताळाला मुलगा, सून आणि नात येणार होते. त्याआधी चर्चमध्ये रोज काही ना काही होतंच: गाण्याची तालीम, घरोघरी प्रार्थना, मुलांचं नाटक, म्हाताऱ्यांचं जेवण. हे कमी म्हणून की काय, माझी ताई तीन आठवडे आधीच सोबतीला येऊन थडकली.

दारातूनच म्हणाली, "हे घर आहे की भांड्यांचं दुकान?"

"परत करणार आहे. याच आठवड्यात. सगळे!"

"कुणाचा कुठला ते कळतंय का?"

मी हसलो. कळतंय का म्हणे! फेब्रुवारीतच मी प्रत्येक झाकणावर चिठ्ठी चिकटवून त्या घराचा मीटर नंबर लिहून ठेवला होता. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. मीटर नंबर राहतात.

"आणि आत काय घालणार?" ताई म्हणाली. "रिकामा डबा परत देतात का कुणी?"

मला स्वयंपाक येत नाही. शेवटी डब्यामागे चार बिस्किटं असा तोडगा निघाला. एकशे आठ बिस्किटं घेऊन मी घरी परतलो, तर स्वयंपाकघरात वाफच वाफ! ताईने घरातला एकूण एक डबा उकळत्या पाण्यात घालून, घासून, जुन्या चादरीवर पालथा घातला होता. माझ्या चिठ्ठ्या बादलीत तरंगत होत्या.

"काय घाणेरडे कागद चिकटले होते रे!" ती अभिमानाने म्हणाली. "नखाने खरवडून काढले!"

मी मटकन खुर्चीत बसलो. पालथे घातलेले डबे सगळे सारखेच दिसतात हो, शाळेत प्रार्थनेला मान खाली घातलेल्या पोरांसारखे.

पण अनुभवी माणूस असा हार मानत नाही! मी माझी जुनी वही काढली आणि विचार केला. ज्या घरी पाणी जास्त लागतं, त्या घरी माणसं जास्त. ज्या घरी माणसं जास्त, त्या घरचा डबा मोठा. सरळ हिशोब! कागदावर घरं उतरत्या क्रमाने लावली, चादरीवर डबे उतरत्या क्रमाने लावले, ताईने बिस्किटं भरून झाकणं लावली, आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन निघालो.

पहिलं घर शिंप्याचं. मी त्याच्या बायकोच्या हातात एक टोलेजंग पातेलं ठेवलं, कागदावर टिक केली आणि म्हणालो, "बघून घ्या. तुमचंच आहे ना?"

शिंपीणबाईंनी पातेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हो हो," त्या म्हणाल्या. "आमचंच!"

दुसरीकडे हेच. तिसरीकडेही हेच. हेडमास्तरांच्या घरी सात माणसं, त्यांना मी दोन नंबरचं पिंप दिलं. ते म्हणाले, "वा, बरोबर!" माझी छाती फुगत चालली. बघा, चिठ्ठ्यांची गरजच नव्हती!

एकच गोष्ट चमत्कारिक होती. बिस्किटं पाहिली की बहुतेक घरांतली बाई आत जायची आणि काहीतरी भरून दुसराच डबा माझ्या हातात द्यायची. "तुमच्या ताईंना सांगा, गरम करून खा." जाताना सत्तावीस डबे नेले, येताना एकोणीस आणले! ताईने कपाळाला हात लावला.

आणि वाटप संपलं तेव्हा चादरीवर एक डबा उरला. निळ्या झाकणाचा. सत्तावीस घरं झाली, डबा उरतो कसा? असेल आमच्या हिचाच, असं म्हणून मी तो फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायची वेळ झाली आणि मी डबा घ्यायला ओट्याकडे वळलो. माझा डबा कुठे होता?

माझा डबा म्हणजे साधा स्टीलचा, गोल. त्याचं झाकण एका बाजूला चेपलेलं, त्यामुळे नुसतं दाबून बसायचं नाही, वरून तळहाताने दोनदा ठोकावं लागायचं. रोज सकाळी मी बुटाची नाडी बांधत असायचो आणि आतून आवाज यायचा, ठक ठक. म्हणजे डबा झाला, निघा. वीस-बावीस वर्षं हा आवाज ऐकून मी घराबाहेर पडलो. नोकरी संपली तरी डबा सुटला नाही. आणि ती गेल्यावर मी स्वतःच त्यात भात भरायचो, झाकण लावून दोनदा ठोकायचो, ओट्यावरून चार पावलांवरच्या टेबलावर न्यायचो आणि उघडून जेवायचो. हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

"ताई! माझा डबा?"

"चेपलेला तो? सगळ्यांबरोबर घासला की. चादरीवरच होता."

म्हणजे मीच तो कुणाच्या तरी दारात दिला होता. चार बिस्किटं घालून!

आता परत मागायचा कसा? ज्यांनी आपल्याला जेवू घातलं त्यांच्या दारात जाऊन "चुकून दिलं, परत करा" म्हणायचं? आणि "का हवाय?" विचारलं तर? म्हणून मी ठरवलं, सहज म्हणून जायचं, गप्पा मारता मारता स्वयंपाकघरात नजर टाकायची.

आता मी "सहज" कुणाकडे गेलेला माणूस नव्हे. चौतीस वर्षं मी या लोकांच्या भिंतीबाहेर वाकून आकडे वाचले, आत कधी गेलो नाही. आत ही जायची. मी आत बसलो तर लोकांना काय करू न् काय नको असं झालं. खुर्ची, पंखा, चहा, केक! आणि मी आपला मान ताणून ओट्याकडे बघतोय.

शिंपीणबाई म्हणाल्या, "वहिनींनी आमच्या मुलीला बटणाचं काज करायला शिकवलं. शिंप्याच्या मुलीला! बापाचा हात भारी, शिकवायला बसला की ओरडायचा."

"मला बोलली नाही कधी," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं होतं का, भाऊ?"

नव्हतं विचारलं. हेडमास्तर म्हणाले, त्यांची आई शेवटी कुणालाच ओळखत नव्हती, तेव्हा ही दर बुधवारी येऊन तिचे केस विंचरायची. बुधवारी! आणि मी समजायचो, बुधवारी ही बाजारात जाते. हिला भाजी घ्यायला चार तास लागतात म्हणून मी कुरकुरलोही होतो. अशी एकेक घरं होत गेली. डबा कुठेच नव्हता, पण प्रत्येक घरातून मी काहीतरी घेऊन बाहेर पडत होतो. आणि एक डबा जेवणही!

आठवडा झाला तशी चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. तालमीला मी शिरलो की बायकांचा आवाज खाली यायचा. पाळकसाहेबांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला. "घाई करू नका," ते म्हणाले. "पण मनात असेल तर लाजूही नका." मला वाटलं, गाण्याबद्दल बोलतायत. मी म्हणालो, "मी मागच्या रांगेत बरा आहे."

हेडमास्तरांच्या बायकोने मला कोपऱ्यात घेतलं. "माझी धाकटी बहीण परवा येतेय. एकटीच असते. स्वयंपाक फार छान करते."

"वा," मी म्हणालो. "तिच्याकडे डबे किती आहेत?"

त्या मागे सरकल्या.

घरी आलो तर ताई दारातच कमरेवर हात ठेवून उभी! "खरं सांग. तू बायको शोधतोयस का?"

"काय?"

"सगळं गाव बोलतंय! हा रोज दोन-तीन घरी जातो, केस नीट विंचरून जातो, गप्पा मारता मारता स्वयंपाकघर निरखतो. शिंपीण म्हणाली, ओट्याखालीसुद्धा वाकून बघितलंस!"

"अगं, मी डबा शोधतोय!"

"डब्यासाठी कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं?"

मला हसू यायला हवं होतं. मी खाली मान घालून शर्टाची बटणं काढू लागलो. ताईने माझ्याकडे पाहिलं, कमरेवरचे हात खाली घेतले आणि चहा टाकायला आत गेली. त्या चहाबरोबर मी तिला ठक ठक सांगितलं. सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायचंस रे. मी चिठ्ठ्या खरवडत बसले."

पण ताई ती ताईच! सकाळी ती पाळकसाहेबांकडे जाऊन धडकली. डबे उलटसुलट झालेत एवढंच सांगितलं, बाकी पोटात ठेवलं. नाताळाच्या आधीच्या रविवारी उपासना संपल्यावर हॉलमध्ये लांबच लांब टेबल मांडलं आणि पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "ज्यांच्याकडे दुसऱ्यांचे डबे आले असतील, त्यांनी ते इथे ठेवावेत आणि आपापले घ्यावेत."

आणि काय सांगू! शिंपीणबाईंनी पातेलं ठेवलं. हेडमास्तरांनी पिंप ठेवलं. सव्वीस घरांनी सव्वीस भांडी ठेवली! एकही बरोबर पोचलं नव्हतं!

"मग त्या दिवशी हो का म्हणालात?" मी शिंपीणबाईंना विचारलं.

"तुम्ही एवढं कागद बघून टिक केलीत. दहा महिन्यांनी दारात आलात. पातेल्यासाठी तुम्हाला परत पाठवू?"

डब्यांची अदलाबदल झाली. हॉलमध्ये नुसती भांडी आणि हसणं! मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरलो. माझा डबा नव्हता. निळ्या झाकणाचा मी नेला होता, तो तेवढा तिथेच पडून राहिला. त्याला कुणीच आपला म्हणेना.

पाळकसाहेब म्हणाले, "ऑर्गनवाल्या बाईंनी काही आणलं नाही, हॉलमध्येही आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मला माझाच मिळाला."

सत्तावीसपैकी एक बरोबर! अहो, बुडत्या माणसाला तेवढंही पुरतं. डबा गेला तो गेला, निदान एक नोंद तरी बरोबर! त्या आनंदात मी दुपारी बाईंच्या घरी गेलो. त्या सारख्या तालमीत, म्हणून हे एकच घर पाहायचं राहिलं होतं. बाई फटकळ. मला "मीटरवाले" म्हणतात.

"बसा, मीटरवाले. ताईंसाठी केक देते." त्या आत गेल्या. मी बूट काढत होतो.

आतून आवाज आला. ठक ठक.

मी एका पायात बूट घालून तसाच स्वयंपाकघरात शिरलो. "हा डबा..."

"माझा!" बाईंनी तो पोटाशीच धरला. "बावीस वर्षांपूर्वी तुमच्या बायकोला केक घालून दिला होता. दर रविवारी विचारायचे, माझा डबा? म्हणायची, आणते हो, पुढच्या रविवारी. बावीस वर्षं! परवा तुम्ही आणलात तेव्हा मला वाटलं, जाताना नवऱ्याला सांगून गेली असेल." त्यांनी डबा उलटा केला. बुडाखाली खिळ्याने कोरलेली फुली होती. "सासऱ्यांनी कोरली. बघा."

बावीस वर्षं मी त्यातून जेवलो आणि एकदाही उलटा करून पाहिला नव्हता. आणि सत्तावीस डब्यांतला बरोबर घरी पोचलेला एकमेव डबा तोच! तोच मला परत हवा होता.

"माझ्याकडे निळ्या झाकणाचा एक आहे," मी म्हणालो.

"तोही माझाच. फेब्रुवारीतला. ठेवा तो."

"बाई, बदलू या का?"

"का?"

मी सांगायचा प्रयत्न केला. तोंडाने जमेना, म्हणून त्यांच्या ओट्यावर हातानेच दोनदा ठोकलं. "रोज सकाळी," एवढंच म्हणालो.

बाईंनी चेपलेलं झाकण पुन्हा एकदा तळहाताने दाबून पाहिलं. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "केक संपला की परत आणायचा, मीटरवाले. कधी आणता?"

"आणतो हो," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी."

बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, ते मला नीट दिसलं नाही. मलाही तेव्हा फारसं दिसत नव्हतं.

त्याला आता अकरा रविवार झाले. बाई ऑर्गनपाशी बसतात, तिथून चर्चचं पुढचं दार बरोबर दिसतं. म्हणून हल्ली मी मागच्या दाराने बाहेर पडतो.