तीन वर्षांची वही, एका रविवारात

"कापड सुरेख आहे हो लुत्सीनाबाईंचं. पण त्यात प्रश्न कुठाय? हाल्श्का, तुझ्या कापडातल्या भोकांमध्ये बघ कसा प्रश्न आहे!"

व्रुबेल सर असे कुरकुरले तेव्हा मी हातभर अंतरावर होते. मागाखाली, उताणी, पायाने दाबायच्या पावड्यांच्या दोऱ्या बांधत!

आमच्या कला अकादमीत डॉक्टरेटसाठी नुसतं विणून भागत नाही. विणताना काय शोधलं, कुठे अडलात, कितीदा रडलात, हे रोज वहीत लिहायचं. हाल्श्काची वही उशीसारखी फुगलेली. माझी कोरी! मी एकटीने, चुकतमाकत सव्वीस वर्षं विणत आले. हात चालू असताना लिहिणार कोण? आणि ही हाल्श्का? वय अठ्ठावीस, कापड म्हणजे चाळणी, आणि सगळी प्राध्यापक मंडळी त्या चाळणीपुढे हात जोडून उभी! माझ्या पोटात असं दुखायचं की घरात कोबीचं सूप उगाच बदनाम झालं.

म्हटलं, प्रश्नच हवाय ना? पोतंभर देते!

परीक्षेआधीच्या रविवारी तीन वर्षांची वही एका बैठकीत लिहून काढली. पाच रंगांची पेनं, बिटाच्या सूपचे डाग, पानाआड एक रडू. हाल्श्का आठवड्याला एकदा रडली असेल, तर मी दोनदा!

तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होती. क्राकूवहून परीक्षक बाई आल्या. माझं कापड गुंडाळलेलंच राहिलं. बाईंनी वही उघडली आणि एका पानावर थबकल्या.

"'एक नोव्हेंबर. दिवसभर मागावर. रडले.' एक नोव्हेंबर?"

मेले! त्या दिवशी अख्खा पोलंड आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावत असतो. अकादमीला तर कुलूप!

"घरी पण माग आहे माझा," मी ठोकून दिलं.

बाईंचा आवाज हळवा झाला. "म्हणजे कुणाची तरी कबर टाळत होतात. कुणाची?"

"नवऱ्याची!" निघून गेलं हो तोंडातून!

व्रुबेल सरांनी रुमाल काढला. "लुत्सीनाबाई, कधी बोलला नाहीत! अहो, हाच तर प्रश्न!"

हाल्श्काकडे आता कुणी बघेना. खोटं कशाला सांगू, अर्धं मिनिट मी मनातल्या मनात पोल्का नाचले.

तेवढ्यात दार ढकलून झेनेक आत. हातात खसखशीचा केक. "काय गं, झालीस का डॉक्टर?"

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"हिचा नवरा."

"दुसरे?"

"पहिलाच! का? आणखी कुणी आहे?"

बाईंनी वही मिटली.

"वही खोटी आहे," मी म्हणाले. "खरंच रडले ते एवढ्याचसाठी, की हाल्श्काचं कौतुक व्हायचं आणि माझं नाही."

सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "मग पदवी विसरा, बाई."

क्राकूवच्या बाईंना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी माझं कापड उलगडलं. काठावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग तो हात तिथून हलेचना.

मागच्या रांगेत हाल्श्का उठली. कान लालबुंद.

"सर, त्यांना नापास करणार असाल तर आधी मला करा. ती भोकं मी पाडत नाही हो, पडतात! मला विणताच येत नाही, आणि हे तुम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे!"