एजंट पाहण्याचा कार्यक्रम

घर विकत घ्यायचं ठरलं आणि चंदाची दोन दिवस भूक गेली. (ठरलं नसतं तरी गेलीच असती. चंदाला काळजी करायला कारण लागत नाही. कारण मिळालं की तेवढी शोधाशोध वाचते, इतकंच.)

चंदा, किशोर आणि पाच वर्षांची मैथिली असं तिघांचं बिऱ्हाड अमरावतीत साईनगरात भाड्यानं राहत होतं. घरमालक रामराव अकोल्याला. किशोर ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये स्पेअर पार्टच्या काउंटरवर. बँक कर्ज द्यायला तयार झाली होती, जूनमध्ये मैथिली पहिलीत जाणार होती, आणि चंदाचा एकच हट्ट होता: शाळेच्या पहिल्या दिवशी पोरगी स्वतःच्या घरातून निघाली पाहिजे. भाड्याच्या घराचं काय खरं? मालकाच्या मनात आलं की ‘करा खाली’.

“मंग गोपालले सांगू का?” किशोर म्हणाला. “माह्या वर्गातला हाये. पानठेला, प्लॉट, लगन, सारंच जमवते.”

“तुमच्या हेडमिस्त्रीले प्लॉट त्यानंच देल्ला ना?”

त्या प्लॉटच्या नकाशात बगीचा होता. जागेवर नाला निघाला होता.

“एजंट शिकलेला पाह्यजे,” चंदानं निकाल दिला. “परीक्षा पास झालेला, सरकारी नंबर असलेला. आता एजंटलेबी परीक्षा द्या लागते. मोबाइलवर पाह्यलं म्या.”

(चंदा स्वतः सातवी शिकलेली. पण सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला शिक्षणाची जी किंमत असते, ती पंधरावी झालेल्याला कुठून असणार?)

आता शिकलेला एजंट पारखायचा कसा? माणूस पारखायची चंदाला एकच रीत ठाऊक होती. घरी बोलवायचं, पोहे द्यायचे, शिक्षण विचारायचं आणि खाताना हात कसा चालतो ते पाहायचं. तिच्या माहेरी, नांदगाव खंडेश्वरला, पाहण्याचा कार्यक्रम असाच होई. आणि तो स्वतःच्या घरी करत नसत. नात्यात ज्याची बैठक झकास, त्याच्या घरी करत. किशोरनं चंदाला पाहिलं ते तिच्या मामाच्या घरी. (खरं घर त्यानं लग्नानंतर पाहिलं. तोवर वेळ निघून गेली होती.)

म्हणून रविवारी रुक्मिणीनगरात किशोरच्या मावशीकडे, माणिकबाईंकडे, एजंट पाहायचं ठरलं. माणिकबाईंकडे सोफा होता, काचेचं टेबल होतं आणि भिंतीवर बटण दाबलं की पडणारा शोभेचा धबधबा होता.

“आपलं घर पाह्यलं तं तो आपल्याले भिकारी समजन,” चंदानं किशोरला बजावलं. “तुमी काही बोलू नका. बोललात तं चिमटा काढीन.”

पहिला गोपालच आला. (किशोरची दोस्ती मोडायला नको म्हणून.)

“शिक्षण?” चंदानं विचारलं.

“वहिनी, तुमी मले वळखत नाई काय?”

“वळख हाये, म्हणूनच तं इचारून राहिली. परीक्षेचा कागद?”

“उंदरानं खाल्ला.” गोपालनं स्वतः दोन प्लेटी खाल्ल्या आणि जाताना धबधबा चालू करून गेला. नापास.

दुसरे आले गॉगल लावून. घरातही काढला नाही. कार्डावर सोनेरी अक्षरं होती, पण सरकारी नंबराच्या जागी काहीच नव्हतं.

“नंबर प्रोसेसमध्ये हाये,” गॉगल म्हणाला.

“आमच्या गावात एकाची नोकरी अशीच प्रोसेसमध्ये होती,” चंदा म्हणाली. “त्याले आता दोन नातू हायेत.”

तिसरी आली ती चारुता. अकोल्याहून बदली होऊन आलेल्या न्यायाधीशाची बहीण शोभावी अशी. खांद्यावर पिशवी, हातात फाइल. न विचारता तिनं परीक्षेचं प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं, नोंदणीचा नंबर दाखवला आणि म्हणाली, “सरकारी साइटवर तपासून घ्या, मी थांबते.”

चंदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. प्रमाणपत्रावर गुण होते. चांगले होते.

“पोहे घ्या ना, मॅडम.”

पण चारुतानं पोहे बाजूला ठेवले आणि फाइल उघडली. आणि कार्यक्रम उलटा फिरला. आता तीच विचारू लागली. “हे घर तुमचं स्वतःचं?”

चंदानं सोफ्याकडे पाहिलं. “हो,” ती म्हणाली. (आयुष्यात इतकं छोटं उत्तर तिनं कधी दिलं नव्हतं.)

“म्हणजे दुसरं घर घेताय. छान. आणि या कोण?”

चहाचा ट्रे घेऊन माणिकबाई दारात उभ्या होत्या. आता हे घर चंदाचं, तर या कोण? चंदाच्या डोक्यात नुसती शिट्टी वाजली. “ह्या... सैपाकाच्या बाई.”

माणिकबाईंनी ट्रे ठेवला. हळू ठेवला नाही.

चारुतानं मोबाइलवर फोटो दाखवले. रिकामी, ऐसपैस बैठकीची खोली, दुधासारख्या भिंती, पुढे कडुनिंब. “साईनगर. शाळा दहा मिनिटांवर, पाणी गोड, कागद एकदम साफ. मालक अकोल्याचे.”

“अकोल्याचे का? आमचेबी घरमा...” चंदानं उरलेला शब्द पोह्याबरोबर गिळला.

“एकच गोष्ट. मी लपवत नाही. घरात भाडेकरू आहेत. भाडं वेळेवर देतात, पण बाई फार शंकेखोर आहे म्हणे. नळ टपकला की मालकाला फोन, पाल दिसली की मालकाला फोन. टाकीला कुलूप घातलंय, जिन्याला दार लावलंय.”

किशोरच्या घशात शेंगदाणा अडकला. तो खोकला, चंदाकडे पाहून हातवारे करू लागला. चंदानं ठरल्याप्रमाणे चिमटा काढला.

“अशी मानसं आमाले नाई परवडत,” ती म्हणाली. “पालीसाठी अकोल्याले फोन करते म्हणजे काय बाई हाये! आधी त्यायले काढा.”

“तसं लिहून द्या. मी तोंडी काही करत नाही.”

चंदाला वाटलं, याला म्हणतात शिकलेला एजंट. शाळेत तिचं अक्षर फळ्यावर सुविचार लिहायच्या लायकीचं होतं. तिनं गोल गोल अक्षरात लिहिलं: ‘भाडेकरूंनी सामानासकट निघून जावे. एक खिळाही मागे राहू नये. मगच सौदा.’ खाली लपेटेदार, नाव न कळणारी सही. किशोरनं पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दुसरा चिमटा.

वाटेत स्कूटरवर तो म्हणाला, “चंदे, मले वाटते का ते घर...”

“समोर पाहून चालवा. पोट्टी हाये मांगं.”

मंगळवारी रामरावांचा अकोल्याहून फोन आला. “चंदाबाई, घर इकून राहिलो. मे संपेपर्यंत खाली करा लागते बापा.”

मैथिली शेजारी भिंतीवर पेन्सिलनं हत्ती काढत होती. जूनमध्ये शाळा, आणि मेमध्ये रस्त्यावर!

“काका, आमी तीन वर्सं भाडं चुकवलं नाई!”

“तुमच्याबद्दल तक्रार नाई वं. म्हणजे पालीची सोडून. पण गिऱ्हाईक बाई भल्ली कडक हाये. आधी भाडेकरू काढा म्हणते.”

“कोन हाये ती सटवी? तिले लेकरूबाळ नाई काय? दुसऱ्याचं बिऱ्हाड उठवून कोनत्या जन्मी सुख लागन तिले? तिच्या सैपाकात रोज पाल पडो!”

“तिनं लेखी देल्लं. थांब, फोटो धाडतो.”

टुंग करून फोटो आला. ‘एक खिळाही मागे राहू नये.’ चंदानं तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

किशोरनं मागून डोकावलं. “अक्षर तं लय सुंदर हाये वं.”

“तुमाले ठावूक होतं?”

“पालीपासून.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

किशोरनं बाही वर करून दोन निळे डाग दाखवले. “रिकामं घर इतकं मोठं दिसते, हे मलेबी त्याच दिवशी समजलं. आपन राहाले याच्या आधीचे फोटो हायेत ते.”

चंदानं चारुताला फोन करून सगळं कबूल केलं. सोफा माणिकबाईंचा, धबधबा माणिकबाईंचा, भाडेकरू आपणच. पलीकडून फोन दूर धरून हसल्याचा आवाज आला.

“आता ती अट खोडून टाका ना मॅडम.”

“खोडता येणार नाही. मालकांनी त्यावर सही केली, कागद बँकेच्या फाइलला लागला. बँकेचा माणूस रिकाम्या घराचे फोटो काढणार. बदलायचं तर सगळं पहिल्यापासून, जुलै उजाडेल. घर तुम्हालाच मिळेल, ताई. फक्त आधी तुम्हाला निघावं लागेल.”

“गोपाल असता तं खोडलं असतं त्यानं,” किशोर म्हणाला.

“गोपाल असता तं घरबी नाल्यात असतं,” चंदा म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

मेच्या शेवटी टेम्पो भरला. रजिस्ट्री होईपर्यंतचे दहा दिवस राहायला जागा एकच होती. माणिकबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“या मालकीणबाई,” त्या म्हणाल्या. “सैपाकाची बाई सुट्टीवर गेली हाये.”

दहा दिवस चंदानं नऊ माणसांचा स्वयंपाक केला. (माणिकबाईंनी धामणगावची नणंदही मुद्दाम बोलावून घेतली होती.)

रजिस्ट्री झाली. घर चंदाच्या नावावर झालं. तोच टेम्पो, तीच भांडी, तोच कडुनिंब. शाळेला दोन दिवस होते. चंदानं दार उघडलं आणि भिंतीकडे पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. “कशी मानसं राहून गेली माय! भिंतीभर हत्ती काढून ठेवले.”

मैथिलीनं पेन्सिल पाठीमागे लपवली.

दोन दिवसांनी पोरगी नवा डबा घेऊन स्वतःच्या घरातून शाळेत गेली. चंदानं दारात उभं राहून डोळे पुसले, आत आली, आणि ओट्यावर पाल दिसली. तीन वर्षांची सवय; हात आपोआप मोबाइलवर गेला.

“काका! पाल!”

अकोल्याहून रामरावांचा आवाज आला, शांत, तृप्त.

“आता मले नाई, बाई. मालकिणीले फोन लाव. पन जपून बोलजो, भल्ली कडक हाये म्हणते.”