गौतममामांची पडीक जागा

१५ ऑगस्ट, ग्रामसभा. हजर: सरपंचबाई, ग्रामसेवक, सदस्य म्हणून मी, आणि हॉलभर गावकरी. खुर्ची रिकामी असून उभे: गौतममामा इंगळे.

मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण बसायची सवय काही लागली नाही. घरामागच्या त्यांच्या मोकळ्या जागेत हिवर, बोरी, तरोटा माजलाय. तिथल्या सुगरण पक्ष्यांना, होल्यांना आणि मुंगसांना ते ‘पॅसेंजर’ म्हणतात. रोज सकाळी मोजतात. एक होला कमी भरला, तर चहा घेत नाहीत.

आमच्या पंचायतीचा नियम असा: झाडोरा वाढलेली जागा म्हणजे पडीक, तिला जादा कर, सपाट केली की सूट. त्या सवलतीसाठी निम्म्या गावाने जेसीबी फिरवला. मीही फिरवला. उरलेल्या पडीक जागांची यादी माझीच, आणि तिच्यात पहिलं नाव मामांचं. यंदा त्या जागा पंचायतच साफ करणार होती.

खरं तर मी त्यांची ऋणी. चिखलीला कॉलेजात जाताना मी फाट्याकडे धावत निघाले, की मामा घंटी मारत नसत. ड्रायव्हरला म्हणायचे, “थांब बे, पोरगी येऊन राह्यली.” त्यामुळे मी पदवीपर्यंत पोचले.

“मामा, बसा न,” सरपंचबाई म्हणाल्या.

“उभ्यानं नोकरी केली, उभ्यानंच बोलतो. झाडं ठेवली तं जादा कर काऊन?”

“झाडोऱ्यात साप निघते,” मागून कोणीतरी म्हणालं.

“तो रेग्युलर पासवाला हाय. उंदीर तोच खाते. जागा साफ केल्यावर उंदीर कोणाच्या घरात घुसले, सांग बरं?”

सभा हसली. उंदीर सगळ्यांकडेच झाले होते.

मी उठून ठराव मांडला: देशी झाडं असतील त्या जागेवर जेसीबी नाही, जादा कर नाही, सूट मिळेल ती तिलाच. ठराव मंजूर झाला. मात्र प्रत्येक जागेवर जाऊन, झाडं पाहून, नवी यादी करायची ठरली.

बाहेर पडताना मामा जवळ आले. “सुनंदा, यादीले मी येऊ का संगं? पॅसेंजर चांगले हायेत, पण बोलत नाहीत. घरी दुसरं कोणी नाही.”

पंचेचाळीस जागा, माझ्या हिशेबाने दोन दिवसांचं काम. मामा प्रत्येक बोरीखाली थांबतात, जुन्या रूटच्या गोष्टी सांगतात. मी आता थर्मासमध्ये दोघांपुरता चहा नेते. आठवडा झाला, चार जागा झाल्या. एकेचाळीस बाकी आहेत.